तिप्पट व्हॉल्यूम होता, मग ब्रेकआउट फसला कसा?

पत्र:

ताई, गेली दोन वर्षं नोकरी सांभाळून शेअर्समध्ये ट्रेडिंग करतोय. रोज रात्री दोन तास चार्ट बघतो. त्रिकोण, फ्लॅग, डबल बॉटम, कप अँड हँडल, भावाच्या चार्टवर दिसणारे सगळे आकार, म्हणजे पॅटर्न, पाठ झालेत. शिकवणारे सांगतात की ब्रेकआउटला, म्हणजे भाव अडलेली पातळी ओलांडतो तेव्हा, व्हॉल्यूम (शेअर्सची उलाढाल) मोठा असेल तर तो खरा. मी ते काटेकोर पाळतो आणि तरी फसतो. सोबत तीन चार्ट पाठवतोय. दुसऱ्या चार्टमध्ये तर व्हॉल्यूम नेहमीच्या तिप्पट होता. मी १०३ ला घेतला, दुसऱ्याच दिवशी ९९.५० चा स्टॉपलॉस (तोटा रोखायला आधीच लावलेली विक्रीची ऑर्डर) उडाला आणि तीन आठवड्यांनी तोच शेअर ११२ वर! कुणीतरी माझा स्टॉपलॉस बघूनच भाव खाली आणतंय असं वाटायला लागलंय. मेहुणे म्हणतात, चार्ट म्हणजे ज्योतिष, सोडून दे. मी आणखी पॅटर्न शिकायला हवेत का? बचतीतला पाचवा हिस्सा गेलाय. बायकोला अजून सांगितलेलं नाही. सध्या १३८ ला घेतलेला एक शेअर हातात आहे. त्याचा चार्ट वेगळा जोडलाय. त्यात हेड अँड शोल्डर्स (दोन खांदे, मध्ये उंच डोकं; भाव पडण्याची खूण मानतात तो आकार) तयार होताना दिसतोय. त्याचं काय करू?

– एक वाचक

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं, मग तिन्ही चार्ट छापून टेबलावर पसरले. दुसरा चार्ट आधी घेऊ, कारण तुमच्या बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

शेअर सात आठवडे १०० च्या खाली घुटमळत होता. १०० ला तीनदा पोचला, तीनदा मागे फिरला. मात्र दर वेळी कमी खाली आला: आधी ९२, मग ९४.५०, मग ९६.८०. वरची रेघ सपाट, खालची चढती. तुम्ही त्रिकोण ओळखलात, तो बरोबर ओळखलात. रोजचा व्हॉल्यूम सरासरी चार लाख शेअर्सचा. मग तो दिवस आला. भाव १००.५० ला उघडला, ९९.८० चा तळ केला, १०४ पर्यंत गेला आणि १००.८० ला बंद झाला. व्हॉल्यूम १३ लाख.

तुम्ही व्हॉल्यूमचा उंच हिरवा दांडा पाहिलात. माझी नजर बंद भावावर गेली आणि तिथेच थांबली.

तेरा लाख शेअर्स घेतले गेले याचा अर्थ तेरा लाख विकलेही गेले. प्रत्येक सौद्याला दोन बाजू असतात. म्हणून ‘व्हॉल्यूम मोठा, म्हणजे विक्रीपेक्षा खरेदी जास्त’ हे वाक्य डोक्यातून काढून टाका, ते कधीच खरं नसतं. व्हॉल्यूम एवढंच सांगतो की देवाणघेवाण किती झाली. घाई कोणाला होती आणि घाई ओसरल्यावर भाव कुठे उरला, हे भावालाच विचारावं लागतं.

त्या दिवशी घाईने घेणारे कोण असतील? एक तुमच्यासारखे, १०० फुटायची वाट बघत बसलेले. दुसरे असे की ज्यांनी १०० च्या आसपास शॉर्ट केलं होतं, म्हणजे भाव पडेल या हिशेबाने हातात नसलेले शेअर्स आधी विकले होते, आणि ज्यांचे स्टॉपलॉस १०० च्या वर होते. शॉर्ट करणाऱ्याचा स्टॉपलॉस म्हणजे खरेदीची ऑर्डर. भाव १०१, १०२ ला गेला की त्या ऑर्डर धडाधड सुटतात आणि भाव आणखी वर ढकलला जातो. पण ही माणसं नव्या आशेने आलेली नसतात. ती बाहेर पडत असतात. त्यांची खरेदी एकदाच होते आणि संपते.

आता विकणाऱ्याच्या जागी बसा. समजा एखाद्याकडे सहा लाख शेअर्स आहेत. रोजचा व्हॉल्यूमच चार लाखांचा असेल, तर हा माल एरवी बाजारात आणला की भाव कोसळणार. त्याला गर्दीचा दिवस हवा असतो, आणि ब्रेकआउटइतकी गर्दी दुसऱ्या कुठल्या दिवशी होते? असा कोणी खरंच होता का, ते चार्टवर लिहिलेलं नसतं. एवढं मात्र लिहिलेलं असतं: नेहमीच्या तिप्पट उलाढाल झाली आणि त्या बदल्यात भावाने १०० च्या वर जेमतेम ०.८० कमावले. दिवसाचा पट्टा ४.२० चा, आणि बंद भाव त्याच्या खालच्या चौथ्या हिश्श्यात. वर कुणीतरी सतत माल देत होतं, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा चार्ट देऊ शकत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी शेअर ट्रेडर आणि लेखक रिचर्ड वायकॉफ यांनी हे ‘प्रयत्न आणि फळ’ अशा जोडीने मांडलं. व्हॉल्यूम हा प्रयत्न, भावाची हालचाल हे फळ. प्रयत्न मोठा आणि फळ छोटं असेल, तर मध्ये कोणीतरी आडवं उभं आहे. शंभर वर्षं उलटली, पडद्यावर शेकडो इंडिकेटर आले, तरी भाव आणि व्हॉल्यूम एकत्र वाचायची यापेक्षा चांगली रीत मला सापडलेली नाही.

चार्ट पुढे सरकवा. तुमचा स्टॉपलॉस उडाल्यावर शेअर हळूहळू ९७.२० पर्यंत उतरला. त्या दिवसांचा व्हॉल्यूम बघा: दोन लाख, सव्वादोन लाख. नेहमीच्या निम्मा. भाव उतरतोय, पण विकायला फारसं कोणी पुढे येत नाही. शिवाय तो ९६.८० चा आधीचा तळ मोडत नाही. मग तिसऱ्या आठवड्यात ज्या दिवशी तो खरोखर निघाला, त्या दिवशी तळ ९९.६०, उच्चांक १०३.१०, बंद १०२.९० आणि व्हॉल्यूम साडेपाच लाख. तेराच्या निम्म्याहून कमी! प्रयत्न लहान, फळ मोठं. वर माल देणारा संपला होता. तुम्ही मात्र तो दिवस ‘व्हॉल्यूम कमी आहे’ म्हणून सोडून दिलात, तसं चार्टच्या कडेला पेन्सिलने लिहिलंयत. ते वाचून फार हळहळ वाटली, कारण तो शेअर सात आठवडे सांभाळून वाचणारे तुम्हीच होतात.

आणखी एक. तुम्ही १०३ ला घेतलात तेव्हा दुपारही झाली नव्हती. कँडल, म्हणजे चार्टवरचा त्या दिवसाच्या भावांचा उभा ठोकळा, बंद व्हायची होती. ‘व्हॉल्यूम तिप्पट’ हा निष्कर्षही तेव्हाच काढलात. शेअर बाजारात दिवसाचा व्हॉल्यूम सुरुवातीला आणि शेवटी जास्त असतो, मध्ये ओसरतो. पहिल्या तासाचा व्हॉल्यूम पाहून दिवसाचा अंदाज बांधला, तर रोजच भरती आल्यासारखी वाटेल. दिवसभरात तुलना करायचीच असेल, तर मागच्या वीस दिवसांतल्या त्याच वेळेच्या व्हॉल्यूमशी करा. तुमची पद्धत डेली चार्टची आहे, तर निर्णयही डेली कँडल बंद झाल्यावर घ्या. १०३ ऐवजी १०४ ला घ्यावा लागेल कधीकधी. लागू द्या.

आता मेहुण्यांचं म्हणणं. ते हसण्यावारी नेऊ नका. १९५९ मध्ये शिकागो विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ हॅरी रॉबर्ट्स यांनी निव्वळ यादृच्छिक आकडे एकापुढे एक मांडून चार्ट काढले. त्यात चक्क हेड अँड शोल्डर्स दिसत होते. ज्या आकड्यांमागे ना खरेदीदार होता ना विक्रेता, त्यांतही पॅटर्न दिसला. आपला डोळा आकार शोधतोच, नसला तरी शोधतो. तिकडे २०००च्या एका अभ्यासात अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू लो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी संगणकाला पॅटर्नच्या नेमक्या व्याख्या देऊन १९६२ ते १९९६ मधले अमेरिकी शेअर्स तपासले. काही पॅटर्नमध्ये थोडी जादा माहिती असते, असं त्यांना आढळलं. थोडी. त्यातून नफा होतोच, असा दावा त्यांनी केला नाही. माझं स्वतःचं मत या दोन अभ्यासांच्या मध्ये कुठेतरी आहे: आकाराला महत्त्व फार कमी, आकाराच्या कडांवर माणसं कशी अडकलेली आहेत त्याला जास्त.

म्हणून आणखी पॅटर्न शिकू नका. तुमच्याकडे आहेत तेच जास्त आहेत. जितके जास्त आकार पाठ, तितका प्रत्येक चार्टमध्ये एखादा तरी सापडणार आणि रोज रात्री ट्रेड घ्यावासा वाटणार.

त्याऐवजी हे करा. वर मी दुसरा चार्ट जो ऐटीत वाचून दाखवला, तो शेवट ठाऊक असताना वाचला. तसं वाचणं कोणालाही जमतं आणि शिकवण्याच्या नावाखाली बहुतेक जण तेवढंच करतात. खरं वाचन उजवी बाजू झाकून होतं. जुना चार्ट घ्या, कागदाने पुढचा भाग झाका आणि एकेक कँडल उघडत जा. प्रत्येक महत्त्वाच्या दिवशी वहीत दोन ओळी लिहा: आज प्रयत्न किती, फळ किती, आणि उद्या काय झालं तर माझं म्हणणं चुकलं. लिहून झाल्याशिवाय कागद सरकवायचा नाही. मी असे साठ चार्ट केले तेव्हा लक्षात आलं की पडत्या शेअरमध्ये मी उसळीचा व्हॉल्यूम नेहमी ‘नवी खरेदी’ म्हणून वाचत होते. साठात तीच चूक एकोणीस वेळा. ती कोणत्याही पुस्तकाने मला दाखवली नसती, कारण ती माझी होती. तुमची वेगळी असेल.

स्टॉपलॉसबद्दल. तुमचा स्टॉपलॉस कोणी बघत नाही, पण तो कुठे असणार हे न बघताही कळतं. परकीय चलनांच्या बाजारातल्या खऱ्या ऑर्डर तपासून अर्थशास्त्रज्ञ कॅरल ऑस्लर यांनी २००३ मध्ये दाखवलं की नफा घेण्याच्या ऑर्डर पूर्णांकी भावांवर जमतात आणि स्टॉपलॉस त्या भावांच्या जरा पलीकडे. १०० फुटला म्हणून घेणारा प्रत्येक जण ९९.५० किंवा त्याच्या आसपास स्टॉपलॉस लावतो. भाव तिथवर आला की त्या ऑर्डर एकदम सुटतात, भाव झटक्याने खाली येतो, आणि विक्री संपली की सावरतो. यात तुमच्यावर कोणाचा डोळा नाही. तुम्ही गर्दीत उभे होतात.

स्टॉपलॉस तिथे असावा जिथे ट्रेडचं कारण खोटं ठरतं. तुमचं कारण होतं, ‘दर वेळी तळ वर सरकतोय’. ते ९६.८० मोडल्यावर खोटं ठरलं असतं, म्हणजे जागा होती ९६.५०. तुम्ही ९९.५० निवडलात कारण तोटा लहान दिसतो. तोटा लहान ठेवायचा तो शेअर्सची संख्या कमी करून. भांडवल एक लाख असेल आणि एका ट्रेडमध्ये एक टक्का, म्हणजे एक हजार, गमवायची तयारी असेल, तर १०३ ते ९९.५० हे ३.५० चं अंतर धरून २८५ शेअर्स बसतात आणि ९६.५० चं ६.५० अंतर धरून १५३. दोन्हीकडे तोटा हजाराचाच. दुसऱ्या रीतीने तुम्ही त्या घसरणीत टिकला असता. पण हे ऐकून सगळीकडे स्टॉपलॉस लांब नेऊ नका. असेही अनेक चार्ट असतात जिथे ९६.५० सुद्धा उडतो आणि शेअर ८५ ला जातो. आणि जो दिवस मुळातच १००.८० ला बंद झाला, त्या दिवशी तो घ्यायचाच नव्हता.

बाकी दोन चार्ट थोडक्यात. तिसऱ्यातला व्हॉल्यूम फसवा आहे. त्या दिवशी तो शेअर निर्देशांकात दाखल होणार होता, असं तुम्हीच खाली नोंदवलंय. निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या फंडांना बाजार बंद होताना तो घ्यावाच लागतो, शेअर चांगला वाटो न वाटो. असे दिवस, डेरिव्हेटिव्हच्या (फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांच्या) एक्स्पायरीचे, म्हणजे मुदत संपण्याचे, दिवस, ठोक सौद्यांचे दिवस वेगळ्या रंगाने खुणा करून बाजूला ठेवा आणि सरासरीतूनही वगळा. पुढे कधी चलनांच्या बाजारात गेलात, तर तिथल्या चार्टवरचा व्हॉल्यूम साऱ्या बाजाराचा नसतो, बहुतेक वेळा फक्त त्या ब्रोकरकडे भाव किती वेळा हलला तेवढाच असतो. इथलं वाचन तिथे तसंच्या तसं चालवू नका.

पहिल्या चार्टमध्ये तुमचं काहीच चुकलेलं नाही. ब्रेकआउट चांगला, बंद भाव वर, व्हॉल्यूम दीडपट, स्टॉपलॉस योग्य जागी. तरी तोटा झाला. असं होतं. दहांतले चारच ट्रेड बरोबर आले, पण बरोबर ट्रेड तोट्याच्या दुप्पट देत असेल, तरी चार दुणे आठ वजा सहा, खर्च धरण्याआधी दोन हातात उरतात. मात्र या पद्धतीत शंभर ट्रेडमध्ये कुठे ना कुठे सलग पाच तोटे लागणं जवळजवळ ठरलेलं आहे. त्या पाचांच्या मधोमध माणूस पद्धत बदलतो. पहिला चार्ट वहीत चिकटवा आणि खाली ‘बरोबर’ लिहा.

आता ज्या ओळीपाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबले, ती. बचतीतला पाचवा हिस्सा गेला आणि बायकोला माहीत नाही.

वीस टक्के गेले की मूळ रकमेवर यायला उरलेल्यावर पंचवीस टक्के कमवावे लागतात. हे गणित डोक्यात फिरायला लागलं की माणूस संख्या वाढवतो. तुमच्या नोंदींमध्ये ते दिसतंय: पहिल्या ट्रेडपेक्षा तिसऱ्यात तिप्पट शेअर्स आहेत. लपवलेला तोटा चार्ट वाचू देत नाही, प्रत्येक कँडलमध्ये सुटका दिसायला लागते. तेरा लाखांच्या दांड्यात तुम्हाला तीच दिसली असावी. या आठवड्यात घरी सांगा. आकड्यासकट सांगा, किती गेले आणि किती उरले. ट्रेडिंगसाठी पुढे किती रक्कम ठेवायची ते दोघांनी मिळून ठरवा आणि उरलेली त्या खात्यातून काढून घ्या. राग येईल त्यांना, येऊ द्या. नंतर तीन महिने नवे ट्रेड अगदी थोड्या शेअर्सचे घ्या, आणि वही मात्र पुरेपूर भरा.

शेवटी हातातला शेअर. डावा खांदा १४० ला, डोकं १५१ ला, आणि आताचा चढ १४३ ला अडखळलाय. दोन्ही खळगे १३१ ला, म्हणजे त्यांना जोडणारी रेघ, नेकलाइन, १३१ ला. भाव त्याखाली बंद होत नाही तोवर याला हेड अँड शोल्डर्स म्हणू नका. सध्या तिथे फक्त तीन उंचवटे आहेत. जुनी रूढ खूण अशी की व्हॉल्यूम डाव्या खांद्यावर सर्वांत जास्त, डोक्यावर कमी, उजव्या खांद्यावर सर्वांत कमी. तुमच्या चार्टमध्ये पहिले दोन तसेच आहेत, तिसरा अजून पूर्ण व्हायचाय. १४३ वरून उतरताना पडत्या दिवसांचा व्हॉल्यूम चढत्या दिवसांपेक्षा वाढतोय का, तेवढं बघत राहा. आणि एक लक्षात ठेवा: वर फुटायला व्हॉल्यूम लागतो, खाली फुटायला लागतोच असं नाही. खरेदीदार नुसते बाजूला झाले तरी भाव स्वतःच्या वजनाने पडतो. तेव्हा ‘व्हॉल्यूम नव्हता, म्हणून ब्रेकडाउन खोटा’ असं म्हणून थांबू नका. डोक्यापासून नेकलाइनपर्यंतचं अंतर वीस, ते खाली मोजलं तर १११ येतो. तो ढोबळ अंदाज आहे. पण तुमचा खरेदी भाव १३८ आहे, तेव्हा एवढं दुर्लक्ष करण्यासारखं नाही.

आज रात्री वहीत लिहा: ‘१३१ खाली बंद झाला, तर दुसऱ्या दिवशी बाजार उघडताच विकायचा.’ नेकलाइन पेनाने काढा, पेन्सिलने नको. एकदा मी ती तीन वेळा खाली सरकवली होती, दर वेळी नवा खळगा सापडत गेला आणि दर वेळी तो पटतही गेला. आणि १३१ खाली बंद झाल्यावर दुसऱ्या दिवशी शेअर गॅप देऊन, म्हणजे मधले भाव गाळून, थेट १२६ ला उघडला, तर १३१ परत येण्याची वाट बघू नका. जो भाव मिळेल त्याला विका, तो भाव वहीत लिहा आणि मला कळवा.